व्याह्यांच्या गाडीतलं वाढतं ऑइल

डिपस्टिक मी तीनदा पुसली आणि तीनदा आत घातली. तिन्ही वेळा ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर आलं.

"बघा," अण्णा शेजारी उभे राहून म्हणाले. "गाडी ऑइल पीत नाय. उलट वाढवते. पस्तीस वर्सांत अशी गाडी नाय बघितली मी."

मीही नव्हती बघितली. पेणला माझं गॅरेज आहे, त्यालाही आता तीसेक वर्षं होत आली. इंजिनातलं ऑइल कमी होतं, काळं होतं, गळतं, कधी जळतं. वाढत मात्र नाही. वाढलं तर समजायचं की त्यात दुसरं काहीतरी येऊन पडतंय. मी डिपस्टिक नाकाशी नेली. डिझेलचा वास आला. आणि हे ऑइल तीन आठवड्यांपूर्वी मी स्वतः, माझ्या हाताने, खुणेपर्यंत मोजून भरलं होतं.

दुसरं कुठलं गिऱ्हाईक असतं तर "गाडी ठेवून जा, बघतो" म्हणून वाटेला लावलं असतं. पण अण्णा माझे व्याही. माझी मुलगी प्राची त्यांच्या घरात दिली आहे, रोह्याजवळ वरश्याला. लग्नाला तेव्हा जेमतेम आठ महिने झाले होते. व्याह्याला "बघतो" म्हणून चालत नाही. व्याह्याला आधी चहा द्यावा लागतो, मग बसायला चांगली खुर्ची द्यावी लागते, आणि मग दोघांनी मिळून गाडीकडे बघत गप्प बसावं लागतं.

ही गाडी मी पास केलेली होती. तेच तर सगळं दुखणं होतं.

प्राची एका कंपनीत लॅबमध्ये काम करते. शिफ्ट पहाटेची असते, कधी संध्याकाळची. स्कूटी चालवून तिची पाठ धरायला लागली तेव्हा तिने घरात विषय काढला की एखादी जुनी गाडी घेऊ या, पण ऑटोमॅटिक, म्हणजे मलाही चालवता येईल. ऑटोमॅटिक म्हणजे जिला क्लच नसतो, गिअर गाडी स्वतः बदलते, आपण फक्त ॲक्सिलरेटर आणि ब्रेक बघायचा. जावई तयार झाले. अण्णांनी अट घातली: डिझेल पाहिजे. आयुष्यभर डिझेलवर काढलेल्या माणसाला पेट्रोलचा वाससुद्धा परका वाटतो.

अण्णा, म्हणजे धर्माअण्णा, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. पेण, रोहा, नागोठणे, कोलाड, या पट्ट्यातलं प्रत्येक वळण त्यांना पाठ. घरात भिंतीवर देवांच्या ओळीत एक फ्रेम आहे, डिझेल बचतीच्या बक्षिसाची. तिलाही हार असतो.

पनवेलच्या एका डीलरकडे पाच वर्षांची डिझेल ऑटोमॅटिक मिळाली. जुनी गाडी घेताना मी काय बघतो ते सांगतो, तुम्हालाही उपयोगी पडेल. इंजिन थंड असताना चालू करून बघायचं, कारण गरम झालं की कोणाचंही इंजिन गोड बोलतं. धूर बघायचा. गिअरबॉक्सचं ऑइल बघायचं, लालसर असेल तर ठीक, काळं आणि करपल्या वासाचं असेल तर नमस्कार करून निघायचं. उभ्या गाडीत डी, म्हणजे पुढे जायचा गिअर, टाकला की धक्का बसतो का ते बघायचं. स्कॅनर लावायचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या पोटात काय लपलंय ते कळतं. टर्बो, बॅटरी, टायर, सगळं बघितलं. गाडी स्वच्छ होती. मी अण्णांना म्हणालो, "डोळे झाकून घ्या."

हे तीन शब्द मला पुढे चार महिने ऐकावे लागले.

पहिल्यांदा गाडी आली ती महिन्याभरात. रस्त्यात चाळीसच्या वर पळेना. याला लिंप मोड म्हणतात. कॉम्प्युटरला काहीतरी बिघडल्यासारखं वाटलं की तो गाडीची ताकद काढून घेतो, म्हणजे लंगडत का होईना, गॅरेजपर्यंत पोहोचावं. स्कॅनर लावला तर सायलेन्सरमधली जाळी काजळीने तुंबलेली. नव्या डिझेल गाड्यांत ही जाळी असते, डीपीएफ म्हणतात तिला. इंजिनाचा काळा धूर बाहेर न सोडता ती काजळी पोटात साठवते. पोट भरत आलं की गाडी आपणहून थोडं जास्तीचं डिझेल मारून जाळी तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी तिला फक्त एक गोष्ट लागते: पंधरा-वीस मिनिटं, बऱ्या वेगात, न थांबता पळणं.

मी स्कॅनरवरून जाळी जबरदस्तीने साफ करून दिली. डिपस्टिकही बघितली होती. ऑइल खुणेच्या जरासं वर होतं. आधीच्या मेकॅनिकने हात सैल सोडून ओतलं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं. ही माझी पहिली चूक.

दुसऱ्यांदा आली तेव्हा मी जाळीचा सेन्सर बदलला, ऑइल बदललं, मोजून भरलं, हायवेला स्वतः नागोठण्यापर्यंत जाऊन आलो. गाडी हरणासारखी पळाली. कुठे काही नाही. अण्णा घेऊन गेले.

आणि आज तिसऱ्यांदा.

"मी काय म्हंतो," अण्णा बशीत चहा ओतत म्हणाले, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पन पनवेलवाल्याशी बोलणं झालंय माझं. पुढल्या रविवारी तो येतोय. ही त्याला देतो परत, गिअरची घेतो. ऑटोमॅटिक म्हंजे घरात नाजूक पाव्हणा. आज डोकं दुखतंय, उद्या पोट."

"पण प्राचीला गिअरची..."

"नाय जमत तिला, माहीत हाय. मी सोडीन की तिला कंपनीत. मला काय दुसरं काम हाय?"

ते चांगुलपणाने बोलत होते, हे मला कळत होतं. पण पहाटेच्या शिफ्टला सासऱ्याला उठवून कंपनीत सोडायला लावायचं म्हटल्यावर माझ्या पोरीने आठवड्यात स्कूटी बाहेर काढली असती, किंवा नोकरीच सोडली असती. तेही मला कळत होतं.

जाता जाता अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "सूनबाई दोन-दोन किलोमीटरला गाडी नेते ना, त्यानं तर नाय होत? मी आपलं विचारलं."

आता माझी दुसरी चूक. मला ते पटलं. छोट्या फेऱ्यांनी जाळी तुंबते हे पुस्तकात लिहिलेलं आहे. वरसे ते कंपनी, कंपनी ते वरसे. इंजिन तापायच्या आत बंद. मी संध्याकाळी प्राचीला फोन लावला आणि बापाच्या आवाजात सुरू झालो. गाडी अशी वापरतात का, जरा लांब न्यावी, डोकं वापरावं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, झालं? आता मी बोलू? मी दोन महिने त्या गाडीला हात लावलेला नाही. पहिल्यांदा बंद पडली तेव्हाच मला कोणी काही बोलायच्या आत मी किल्ली खुंटीला अडकवून ठेवली. स्कूटीनेच जाते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि आज तुम्ही पण मलाच बोललात. घरातले तोंडावर बोलत नाहीत, तुम्ही बोललात."

मला खरोखर लाज वाटली. तीस वर्षं गाड्यांना बोलतं केलं आणि स्वतःच्या मुलीला एक प्रश्न न विचारता दोषी ठरवलं. मी म्हणालो, "चुकलं माझं."

"चुकलं ते चुकलं. आता एक करा. गाडी तयार झाली की पप्पांना चालवू द्या आणि तुम्ही शेजारी बसून या. पेण ते वरसे. बोलू नका, नुसतं बघा."

"अण्णांच्या चालवण्यात काय आहे? पस्तीस वर्षं..."

"तेच आहे," म्हणाली आणि फोन ठेवला.

गाडी तयार केली. ऑइल नवं, जाळी साफ. अण्णा घ्यायला आले तेव्हा मी म्हणालो, "मीही येतो, प्राचीला भेटणं होईल. तुम्ही चालवा, मी जरा इंजिनाचा आवाज ऐकतो." अण्णा खूश झाले. मला दार उघडून दिलं.

पेणमधून बाहेर पडेपर्यंत माझं कपाळ दोनदा समोर आपटता आपटता वाचलं. गाडी हळू करायची झाली की अण्णांचा डावा पाय क्लच शोधत पुढे जायचा. क्लच नाही, पण ऑटोमॅटिक गाडीचा ब्रेक चांगला रुंद असतो. तो सापडायचा. आणि क्लच दाबायचा तो पुरा, ही जन्माची सवय.

"पायाला अजून खरं वाटत नाय," अण्णा म्हणाले.

वडखळला एका म्हातारीने हात दाखवला. भाजीची पाटी होती तिच्याजवळ. अण्णांनी इंडिकेटर दिला, गाडी बरोब्बर तिच्या पायाशी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

"बंद कशाला?" मी न राहवून विचारलं.

"उभ्या गाडीत डिझेल जाळायचं नाय." मग मागे वळून, "बस गो आये. पाटी सांभाळ, सीट नवीन हाय."

म्हातारी बसली, दार लावलं आणि टपावर दोनदा थापटलं. अण्णांनी इंजिन सुरू करून गाडी काढली. त्या दोघांनाही यात काही वेगळं वाटलं नाही.

गडबला म्हातारी उतरली. इंजिन बंद. तिथून मिठागरावर कामाला जाणारे दोन गडी चढले. पुढे ते उतरले. इंजिन बंद. एका ठिकाणी कोणीच हात दाखवला नव्हता, तरी अण्णा थांबले.

"इथे कोण?"

"इथं स्टॉप हाय," अण्णा म्हणाले, आणि मग स्वतःच जरा ओशाळले. "थांबते आपोआप. दोन मिन्टं बघायची, कोण आला तर."

कोणी आलं नाही. दोन मिनिटांनी निघालो.

कासूच्या जवळपास मला तो आवाज ऐकू आला. इंजिनाचा सूर किंचित जड झाला, पुढचा पंखा जोरात फिरायला लागला आणि समोरच्या काट्यांमध्ये पिवळा दिवा लागला. जाळी नुकतीच साफ केली होती, पण गाडी माझ्या यार्डात चार दिवस पुढेमागे करण्यात पुन्हा काजळी धरली असावी, की कॉम्प्युटरचा जुना हिशोब बाकी होता, देव जाणे. काही असो, गाडीने स्वतःहून सफाई सुरू केली होती. मी सीटवर सरसावून बसलो. मोकळा रस्ता होता. पंधरा मिनिटं, बस.

"आला!" अण्णा ओरडले. "हाच तो आवाज! ऐकलात?"

आणि गाडी कडेला. इंजिन बंद. बॉनेट वर. गरम वासाचा एक लोट बाहेर आला.

"दिवा लागला, वास आला, म्हंजे इंजिन तापलं. अशा वेळेला गाडी चालवणारा ड्रायव्हर नाय, कसाई. थंड होऊ द्यायची. अर्धा तास."

आम्ही एका झाडाखाली अर्धा तास बसलो. अण्णांनी घरून उकडून आणलेल्या वालाच्या शेंगा सोलून मला दिल्या. मी खात होतो आणि माझ्या डोक्यात सगळे धागे जुळत होते. काजळी जाळायला मारलेलं जास्तीचं डिझेल, आणि ऐन वेळी इंजिन बंद. न जळलेलं डिझेल खाली उतरून ऑइलमध्ये. प्रत्येक फेरीत थोडं थोडं. ज्या दिव्याचा अर्थ "थांबू नको, पळत राहा" असा होता, तो दिसला की हा सज्जन माणूस थांबत होता. उभ्या आयुष्यात गाडीचा दिवा लागल्यावर त्याने दुसरं काही केलंच नव्हतं.

नागोठणं मागे टाकून भिसे खिंडीला लागलो. माथ्यावर आल्यावर अण्णांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि दांडा न्यूट्रलला टाकला. गाडी उतारावर सुटली.

"एक थेंब नाय जात आता," ते म्हणाले.

पायथ्याशी त्यांनी तशाच वेगात दांडा डीमध्ये ओढला. खालून धाडकन आवाज आला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तोंड असतं तर त्याने शिवी दिली असती. मी डोळे झाकून घेतले.

वरश्याला पोहोचलो तेव्हा दुखणं मला पक्कं ठाऊक झालं होतं. प्रश्न एवढाच होता की ते व्याह्याच्या तोंडावर सांगायचं कसं.

चहा झाला. प्राची स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. मी शक्य तितकं मऊ बोललो. "अण्णा, गाडीत दोष नाही. तिला फक्त थोडं वेगळं चालवावं लागेल."

अण्णांनी कप खाली ठेवला. अर्धा भरलेला.

"म्हंजे मी चुकीची चालवतो."

"तसं नाही..."

"पस्तीस वर्सं. एक ॲक्सिडेंट नाय. एक मेमो नाय." त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं. "आता मला गाडी शिकवताय?"

ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, व्याह्याने अर्धा चहा टाकणं म्हणजे काय ते. मला वाटलं, संपलं. मी उठून पेणला जाईन, आणि हा अर्धा कप माझ्या मुलीला रोज धुवावा लागेल. गाडी गेली खड्ड्यात, असं मला मनापासून वाटलं.

प्राची पुढे आली. "पप्पा, आमच्या लॅबमध्ये भट्टी असते बघा. सँपल आत टाकलं, भट्टी तापली, आणि मध्येच कोणी बटण बंद केलं तर?"

"तर काय?"

"सगळं वाया. पुन्हा पहिल्यापासून. ह्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये तशीच भट्टी आहे. तो दिवा भट्टी पेटल्याचा आहे, तापल्याचा नाही."

अण्णांनी मान डोलावली. कंपनी, भट्टी, शिफ्ट, ही भाषा रोह्यात सगळ्यांना कळते. मी अर्धा तास जाळी आणि सेन्सर बोललो असतो तरी जे झालं नसतं, ते तिने चार वाक्यांत केलं.

"लाल दिवा लागला तर थांबायचं," मी हळूच जोडून दिलं. "तुमचं तिथं बरोबरच आहे. पिवळा असेल तर पळवायची."

"मग दिव्यावर लिहायला काय झालं होतं त्यांना?" अण्णा म्हणाले. हे मलाही पटलं. "बरं. भट्टी किती वेळ चालते?"

"वीस मिनिटं. आठवड्यातून एकदा लांब नेलीत तरी पुरे. फक्त मध्ये थांबायचं नाही."

"ते जमणार नाय." अण्णांनी मान हलवली. "रस्त्यानं सगळी माझी मान्सं. पस्तीस वर्सं माझ्या गाडीत बसली. आता स्वतःची गाडी आली म्हणून त्यांना रस्त्यावर टाकून जाऊ? गडबला काय तोंड दाखवू? म्हंतील, धर्मा माजला."

मी उगाच विचारलं, "पण मग एसटी चालवताना कसं? तेव्हा तर सगळ्या स्टॉपला थांबत नसाल."

"तवा मी ठरवत नव्हतो. बोर्ड ठरवायचा. विनाथांबाचा बोर्ड लावला की पब्लिक हातच दाखवत नाय. ड्रायव्हरला कोण शिव्या देत नाय."

मी प्राचीकडे बघितलं. प्राचीने माझ्याकडे.

"मग बोर्ड लावा की," ती म्हणाली.

अण्णांनी कप उचलला. चहा गार झाला होता, तरी पुरा प्यायले.

बोर्डासाठी मी नुसता छापील कागद सुचवला तर अण्णांनी मला वेड्यात काढलं. पत्र्याचाच पाहिजे, जमीन पांढरी, अक्षर लाल. "रोहा – पेण. विनाथांबा." आणि खाली बारीक अक्षरात "मार्गे नागोठणे", कारण त्याशिवाय बोर्ड पुरा होत नाही म्हणे. रंगवून घ्यायला ते स्वतः पेंटरकडे बसून राहिले. काचेच्या आतून, डाव्या कोपऱ्यात, नजरेच्या आड येणार नाही असा तो लावला.

डाव्या पायाचा उपाय मी सांगितला. गाडीत बसलं की डाव्या पायातली चप्पल काढून ठेवायची. उघड्या पायाला आठवण राहते की आपल्याला आज सुट्टी आहे. न्यूट्रलचं मात्र मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. मी म्हणालो, "अण्णा, उतारावर डीमध्येच ठेवलीत आणि ॲक्सिलरेटर सोडलात तर गाडी डिझेल पूर्ण बंद करते. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला जाळते."

त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे मी पस्तीस वर्सं..."

"छे, छे. जुन्या गाड्यांचं वेगळं होतं."

फारसं वेगळं नव्हतं. पण व्याह्याला सगळंच सांगायची गरज नसते.

त्या रविवारी पनवेलचा डीलर ठरल्याप्रमाणे वरश्याला आला, तेव्हा दारात गाडी नव्हती. त्याने फोन केला. अण्णा तेव्हा माझ्या अंगणात, बोर्डावरची धूळ फडक्याने पुसत होते. फोन माझ्यासमोरच घेतला. "गाडी नाय मिळायची," ते म्हणाले. "गाडी ड्युटीवर हाय."

तेव्हापासून आठवडाभर गाडी प्राचीकडे असते. कंपनीत जाते, येते, दोन-दोन किलोमीटर. अण्णा मोकळ्या वेळात रोह्यात फिरवतात आणि वाटेल त्याला बसवून घेतात, त्या वेळी बोर्ड डिकीत असतो. रविवारी सकाळी मात्र काचेला बोर्ड लागतो आणि गाडी वरश्याहून सुटते ती थेट माझ्या दारात. लोकांनीही ते सहज मान्य केलं. नागोठण्याचे एक गृहस्थ मला म्हणाले, "धर्माअण्णांची विनाथांबा गेली, म्हंजे आठ वाजले."

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी एका गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर बघायला मी मोटरसायकलने गडबच्या पुढे गेलो होतो. येताना माझ्याच मोटरसायकलची चेन तुटली. मेकॅनिकची गाडी रस्त्यात बंद पडणं ही काय चीज असते ते मेकॅनिकलाच माहीत. ओळखीचे दोघे-तिघे हसत पुढे गेले. मी गाडी एका दुकानासमोर लावली आणि घामाघूम होऊन कडेला उभा राहिलो. आणि लांबून ती येताना दिसली. पांढरा पत्रा, लाल अक्षरं.

मला इतका आनंद झाला की मी दोन्ही हात वर केले.

गाडी जवळ आली तेव्हा दिसलं की चालवतेय प्राची. अण्णा शेजारी ताठ बसले होते, छातीवर हात बांधून. प्राचीने मला बघितलं, तिचा चेहरा जरा हलला. अण्णांनी तिच्याकडे न बघताच काहीतरी म्हटलं. मग माझ्याकडे वळले, काचेवरच्या बोर्डावर आतून दोनदा बोट टेकवलं, आणि गाडी तशीच, वेग जराही कमी न करता, माझ्या अंगावर वारा टाकून निघून गेली.

मी मागे वळून इंजिनाचा आवाज ऐकत राहिलो. स्वच्छ होता. धूर नाही, गिअर बदलल्याचा पत्ता नाही. माझी पोरगी हायवेला गाडी सरळ रेषेत पळवत होती आणि तिचा सासरा तिच्या शेजारी निवांत बसला होता. रस्त्याच्या कडेला असा सोडलेला असूनही मी मोठ्याने हसलो. दुकानदाराला वाटलं, उन्हाने झालं असेल. त्याने पाणी आणून दिलं.

टमटमने घरी पोहोचलो तेव्हा अण्णांचा दुसरा चहा चालू होता.

"बाबा, मी थांबणार होते," प्राची म्हणाली.

"थांबली असती तर पुढल्या रविवारपासून तिची ड्युटी बंद केली असती," अण्णा म्हणाले. "बोर्ड म्हंजे बोर्ड. बाप झाला तरी रस्त्यावर पब्लिकच."

जुनी गाडी तपासून द्यायला अजूनही लोक माझ्याकडे येतात. डिझेल, ऑटोमॅटिक, सगळ्या. त्यांच्यासाठी मी एक छापील यादी ठेवली आहे: धूर, ऑइल, गिअरबॉक्स, टर्बो, जाळी, बॅटरी, टायर. आता बॉनेट उघडायच्या आधी मी त्यांना खुर्ची देतो आणि विचारतो की आजवर काय चालवलंत, आणि कोणासाठी थांबायची सवय आहे. गिऱ्हाइकांना वाटतं, मी गप्पा मारतोय.